घर आणि घराचा आधार

सातपुड्यातील मनुष्यास घर बांधणे शिकवावे लागत नाही. मोलगीच्या डोंगरांत मेढी रोवून व बांबूचे कूड शेणामातीने लिंपून तो आपले घर आपणच उभारितो. नर्मदाखोऱ्यातील भिल्ल-भिलाल्यांत तर 'लाह' नावाची चाल आहे. ज्याचे काम निघाले त्याच्या दारी शेजारी मजुरी न घेता येतात, व तो त्यांस जेवू घालितो. मग गरिबास घरासाठी परक्याचे साह्य कशाला, असे कोणी विचारील.

प्रश्न केवळ भिंतींचा नाही. पीक निघाल्यावर पुष्कळ कुटुंबे ऊसतोडीस गुजराथेत जातात. घरास कडी लागते आणि मुलांची शाळा तुटते. 2016 साली निघालेल्या सरकारी घरकुल योजनेत स्वयंपाकाच्या जागेसह निदान 25 चौरस मीटर घर धरिले आहे, ही चांगली गोष्ट होय. परंतु पैसा बांधकामाच्या पायरीपायरीने मिळतो; जोत्यापाशी काम अडले की पुढील हप्ताही अडतो. अशा वेळी कागद वाचून दाखविणारा शेजारी विटांइतकाच उपयोगी पडतो.

पंडिता रमाबाईंनी हे ओळखिले होते. 1896-97 च्या दुष्काळात मध्यप्रांतातून आणिलेल्या निराधार मुलींस त्यांनी केडगावी आसरा दिलाच, परंतु विणकाम, छपाई व शेती हीही शिकविली. छप्पर देऊन त्या थांबल्या नाहीत.

उपदेशक बंधूंनो, ऊसतोडीच्या गाड्या भरण्यापूर्वी आपल्या वाडीत विचारून ठेवा: कोणाचे जोते अर्धे आहे, आणि कोणाचे मूल मागे राहिले तर कोणाच्या घरी जेवेल?