स्नायूतली सूज खाली-वर होते का?

मुलाच्या पोटरीत मऊ फुगवटा दिसतो. खेळून आला की वाढतो, ठणकतो. पाय उशीवर उंच ठेवून पडला की ओसरतो. घरचे म्हणतात, मुका मार लागला असेल, आणि तेल लावून चोळणं सुरू होतं. ते आधी थांबवा. अशी सूज म्हणजे स्नायूत दडलेल्या शिरांची जन्मजात विकृती असू शकते.

गर्भातच या शिरांच्या भिंती कमकुवत घडतात, पिशवीसारख्या फुगतात आणि त्यांत रक्त साचतं. दोष जन्मापासूनचा, पण लक्षात येतो तो बऱ्याचदा शाळकरी वयात, वयात येताना किंवा गरोदरपणात. गाठ खोल असेल तर वरची कातडी नेहमीसारखीच दिसते, म्हणून निदान हुकतं. गालाच्या चावण्याच्या स्नायूतली गाठ तर लाळग्रंथीची समजली जाते. अशा वेळी मी रुग्णाला डोकं खाली वाकवायला सांगते. शिरांची गाठ असेल तर बघता बघता गाल फुगतो.

साचलेल्या रक्ताच्या गुठळ्यांवर कॅल्शियम बसून बारीक खडे होतात. साध्या एक्स-रेमध्ये ते गोल ठिपके दिसले की संशय पक्का होत जातो. डॉपलर सोनोग्राफी रक्त संथ आहे की वेगवान ते सांगते. गाठ गरम लागत असेल, हाताला थरथर जाणवत असेल, तर रोहिणी थेट शिरेला जोडलेली असू शकते आणि उपचारांची दिशाच बदलते. गाठ किती खोल, कुठवर पसरली आहे, हे एमआरआय दाखवतो.

रिपोर्टवर ‘हिमॅन्जिओमा’ लिहिलं असेल तर डॉक्टरांना जरूर विचारा. तान्ह्या बाळांचा हिमॅन्जिओमा आधी वाढतो, मग आपोआप आक्रसतो. शिरांची विकृती आपोआप जात नाही. १९८२ साली मलिकन आणि ग्लोवाकी यांनी हा भेद मांडला, तरी जुनं नाव अजून सर्रास वापरलं जातं. नावातल्या या गोंधळामुळे ‘मोठेपणी जाईल’ म्हणत वर्षं वाया जातात. खरं तर दाबपट्टी, इंजेक्शनने शिरा बंद करणं, काही वेळा शस्त्रक्रिया, असे उपचार आहेत.

गाठ टणक असेल, पाय उंच केला तरी कमी होत नसेल आणि वाढतच असेल, तर कर्करोगाची शक्यता तपासावीच लागते. तिथे उशीर नको. मात्र स्नायूतल्या कोणत्याही गाठीत एमआरआयआधी सुई खुपसू देऊ नका. रक्तस्राव होऊ शकतो.

तपासणीला येताना दोन फोटो आणा: एक सकाळी उठल्या उठल्या काढलेला, दुसरा संध्याकाळी खेळून आल्यावरचा.