गाडी घेताना कंबरेलाही विचारा

कंबर धरली म्हणून जे तरुण तपासायला येतात, त्यांना मी कामधंद्याबरोबर एक प्रश्न हमखास विचारतो : गाडी कोणती, आणि रोजचा रस्ता कोणता? अलीकडे उत्तरात कडक सस्पेन्शनची, मोठ्या अलॉय व्हीलवर पातळ टायर चढवलेली, जमिनीलगतची गाडी वारंवार येते. वेगाची हौस गैर नाही. अशी गाडी वळणावर कलत नाही, ब्रेक दाबल्यावर पुढे झुकत नाही, आणि हे गुण वेळेला जीव वाचवतात. म्हणून ‘मऊ गाडी घ्या’ एवढं सांगून माझं काम संपत नाही.

आधी शरीराचं गणित बघा. बसलेल्या माणसाच्या धडाला वरखाली हादरण्याची स्वतःची एक लय असते, सेकंदाला साधारण ४ ते ८ वेळा. आसनाखालून याच लयीचे हादरे आले की मणक्यापर्यंत पोचताना ते कमी न होता वाढतात. आरामशीर गाडी स्प्रिंगवर सेकंदाला एक-दीड वेळा हेलकावते. स्पोर्ट्स गाडी दोन-अडीच वेळा, शर्यतीची त्याहून जास्त. स्प्रिंग आपल्या लयीच्या सुमारे दीडपटीपुढचेच हादरे गिळू लागते. त्यामुळे सेकंदाला ५ वेळा येणारा हादरा मऊ गाडीत वाटेतच बराचसा विरतो, कडक गाडीत त्याचा मोठा हिस्सा कंबरेत उतरतो. तासन्‌तास असं झालं की पाठीचे स्नायू थकतात आणि सगळा भार मणक्यांमधल्या गाद्यांवर येतो.

त्यात आपल्या वर्धा जिल्ह्याची जमीन. काळी माती कपाशीला मानवते, रस्त्याला नाही. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि वरच्या डांबराला लाटा येतात. खड्डा नसला तरी गाडी उचलते नि आपटते. पण अशा लाटांवर फार मऊ गाडीही सुख देत नाही. ती डुलत राहते आणि मागे बसलेल्यांना मळमळू लागतं. डुलणं थांबवायचं काम शॉकअपचं. तो गळका असेल तर आराम जातो आणि रस्त्यावरची पकडही जाते. चाक क्षणभर रस्ता सोडतं आणि ब्रेक लागायला उशीर होतो. उभ्या गाडीचा बॉनेटकडचा कोपरा जोरात दाबून सोडा. एकदा वर येऊन ती थांबायला हवी. डुलत राहिली किंवा शॉकअपवर तेल दिसलं, तर नव्या गाडीचा विचार करण्याआधी मेकॅनिककडे जा. कित्येकांची दुखणी मला इथेच सापडली आहेत.

आपल्या विदर्भातल्या माणसांना हा हिशेब पूर्वीपासून ठाऊक होता. शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, धावायचा छकडा हलका, बसायला धड जागाही नसलेला, कारण शर्यत काही सेकंदांची. लग्नाला बायका-मुलांना न्यायचं तर त्याच घरची माणसं बसायला सोयीची दमणी जुंपत.

समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाला, तेव्हापासून ‘आता वेगाची गाडी घ्यायला हरकत नाही ना?’ असं मला विचारलं जातं. येळाकेळीहून चढून १२०च्या मर्यादेत जाताना कडक गाडी खरंच निश्चिंत वाटते. पण तिथून उतरल्यावर आर्वी, आष्टी, कारंजाकडच्या आतल्या रस्त्यांवर तुमचे किती तास जातात? निवड त्या तासांवरून करा. शोरूमवाले चांगल्या रस्त्यावर चक्कर मारून आणतात. तुम्ही गाडी स्वतःच्या गावच्या रस्त्यावर न्या, निदान अर्धा तास, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना मागे बसवून. ‘कम्फर्ट’ आणि ‘स्पोर्ट’ असे दोन्ही पर्याय बटणावर देणारं सस्पेन्शन परवडत असेल तर ते मी सुचवेन.

फ्रान्सच्या सिट्रोएन कंपनीने १९४८ साली ‘२सीव्ही’ ही गाडी लोकांसमोर आणली. ती बनवताना अट होती की टोपलीभर अंडी ठेवून नांगरलेल्या वावरातून गेलं तरी एकही फुटू नये. हे साधलं ते मऊ स्प्रिंग आणि चाकाला वरखाली व्हायला भरपूर वाव देऊन. गाडी खाली बसावी म्हणून गॅरेजमध्ये स्प्रिंग कापून घेणारे नेमका हाच वाव संपवतात. हे करू नका, अगदी कळकळीने सांगतो. टायरमध्ये हवाही दाराजवळच्या स्टिकरवर लिहिली आहे तेवढीच भरा.

पाठ आसनाला पूर्ण टेकवा, टेका किंचित मागे कललेला ठेवा, तासाभराने उतरून चार पावलं चाला. लांबून आल्याबरोबर डिकीतलं पोतं उचलू नका. थकलेले स्नायू त्या वेळी मणक्याला सांभाळू शकत नाहीत. हाडं ठिसूळ झालेल्या आजीला मागच्या चाकावरच्या जागी बसवू नका, तिथे धक्का सर्वांत मोठा लागतो. एका न दिसलेल्या स्पीडब्रेकरने अशा माणसाचा मणका दबू शकतो.

साधी कंबरदुखी बहुधा काही आठवड्यांत ओसरते. त्या काळात झोपून न राहता हालचाल चालू ठेवा. पण पाय लुळा पडू लागला, जांघेत, बैठकीच्या जागी बधिरपणा आला, लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, तर मालीश, शेक यांत वेळ घालवू नका. त्याच दिवशी सेवाग्राम किंवा सावंगीच्या रुग्णालयात पोचा.