पांझरेची पोर व्हॅलेन्सियात

धुळे

चि. सोनूस,


तुझ्या वर्गाची भूगोलाची क्षेत्रभेट इंग्लंडातून स्पेनला, व्हॅलेन्सियाला निघाली आहे, असं तुझ्या आईने जळगावहून कळवलं. वर्गात कुणाशी धड ओळख नाही म्हणून तू टाळायच्या विचारात आहेस, हेही कळवलं. टाळू नकोस. तुझ्या इंग्लंडच्या व्हिसावर तिथे जाता येत नाही, शेंगेन व्हिसा वेगळा काढावा लागतो. तेव्हा विद्यापीठाचं पत्र आजच मागून घे. आणि आईने पाठवलेले पेढे निघण्याआधी संपव. बाहेरून दुधाचे पदार्थ आणायला युरोपीय संघात बंदी आहे.

ओळख करून घ्यायची म्हणून बोलायला जाऊ नकोस, जीभ अडखळते. काम मागून घे. गट पडले की टेपचं एक टोक धर. पाटात उतरून पाण्याचा वेग मोजायला सगळे कां-कूं करतील, तू उतर. संध्याकाळी बारमध्ये जमतील तेव्हा नुसतं सरबत घेऊन बसलीस तरी चालेल, पण खोलीत मोबाइल घेऊन पडू नकोस. तिथे ओर्चाता मिळतं. आपण ज्या लव्हाळ्याला शिव्या देत निंदतो, त्याच्याच जातभाईच्या गड्ड्यांचं ते दूध. तिथल्या पाएला नावाच्या भातात मात्र ससा आणि कोंबडी असते, विचारून खा.

व्हॅलेन्सियात दर गुरुवारी दुपारी बारा वाजता कॅथेड्रलच्या दारात पाण्याचं न्यायालय बसतं. तुरिया नदीच्या आठ पाटांचे आठ प्रतिनिधी, सगळे शेतकरीच, काळे झगे घालून बसतात. एकेका पाटाचं नाव पुकारून तक्रार आहे का विचारतात. वकील नाही, सुनावणी तोंडी, निकालही तोंडी आणि तिथल्या तिथे. 2009 मध्ये युनेस्कोने त्याला वारसा म्हणून मान दिला. बहुतेकदा तक्रारच नसते आणि चार मिनिटांत सगळं आटोपतं. पर्यटक व्हिडिओ काढून पांगतात. मला विचारशील तर ते दार म्हणजे देखावा. खरी गोष्ट शहराबाहेर, पाटावर आहे. तक्रार का होत नाही, ते तिथे कळेल.

आणि शेतकऱ्यांनी आपसांत पाणी वाटून घेण्याची रीत तुझ्या गटात तुझ्याइतकी कुणाला सांगता येणार नाही. साक्रीकडे पांझरेवरचे बंधारे तू लहानपणी पाहिलेस. तिथली फड पद्धत काही शतकं जुनी. बंधाऱ्याखालच्या शिवाराचे तीन-चार फड, एका फडात एकच पीक, दरसाल पाळीपाळीने. जमिनीचे तुकडे वेगवेगळ्या फडांत विखुरलेले, म्हणून पाणी आटलं आणि एखादा फड कोरडा ठेवायचा ठरला तर तोटा एकट्याच्या माथी येत नाही. पाटकरी पाणी देतो, जागल्या पिकं राखतो, दोघांचा मोबदला शेतकरीच देतात. हे एखाद्या रात्री जेवताना सांग, आकृती काढून. आपलं गावंढळ वाटेल म्हणून गप्प बसलीस तर मला राग येईल. उसाला पाणी कुणी आधी घ्यायचं यावर आपल्याकडे कशी भांडणं जुंपतात, तेही सांग. गोडगोडच सांगू नकोस.

माझं एक काम कर. पाट जिथे दुभागतो तिथे पाणी वाटायला मधे काय घातलंय ते पाहा. दगड आहे की फळी, दोन्ही बाजूंची रुंदी सारखी की शेतीच्या मापाने कमीजास्त? टेप लावून वहीत काढ आणि पाठव. फोटोत मापं दिसत नाहीत.

तुझा मामा