गिटारीवरील नवम मेळ

गेल्या स्नेहसंमेलनात घडलेली एक गोष्ट सांगून ह्या पाठास आरंभ करतो; कारण तीत चूक आमची होती, विद्यार्थ्याची नव्हती. आठवीतील एक मुलगी भूप रागातील पद गात होती व दहावीतील एक विद्यार्थी तिला गिटारीवर साथ करीत होता. ह्या मुलास आम्ही आठच दिवसांपूर्वी ‘डॉमिनंट नाइन्थ’ ही कॉर्ड शिकविली होती. नवी वस्तू हाती आली म्हणजे ती सर्वत्र लावून पाहावीशी वाटते; त्याप्रमाणे पद जेथे जेथे पंचमावर टेकले तेथे तेथे त्याने ती वाजविली. बोटे अचूक पडत होती. तरी तिसऱ्या कडव्यात मुलगी अडखळली. धैवतावरून षड्जावर जाण्याऐवजी तिच्या गळ्यातून निषाद निघाला, आणि ती रडवेली होऊन थांबली. कार्यक्रमानंतर तिचे आजोबा आम्हांस भेटले. आंबेगाव तालुक्यातील आपल्या गावच्या भजनी मंडळात ते कित्येक वर्षे गात आले आहेत. ते म्हणाले, “गुरुजी, पोरीचं काही चुकलं नाही. खालून दुसरेच सूर येत होते, ती तरी काय करील?”

आम्हांस त्या वेळी उत्तर देता आले नाही. रात्री घरी येऊन त्या कॉर्डचे स्वर कागदावर लिहून पाहिले, तेव्हा उलगडा झाला. आम्ही मुलास बोटांची जागा दाखविली होती. स्वर दाखविले नव्हते. ते आता दाखवितो.

पेटीवरील पांढरी एक हा आपला षड्ज धरावा. सप्तकातील पाचव्या स्वरास, म्हणजे आपल्या पंचमास, पाश्चात्य संगीतात ‘डॉमिनंट’ म्हणतात. पंचमापासून आरंभ करून एक आड एक स्वर घेत गेल्यास प, नि, रे, म, ध असे पाच स्वर मिळतात. पंचम हा पहिला धरून मोजीत गेल्यास हा वरचा धैवत नववा येतो. म्हणून ‘नाइन्थ’, म्हणजे नवम. नावात ह्यापेक्षा अधिक गूढ काही नाही.

आता गिटार हाती घ्यावी. सर्वांत पातळ तार ती पहिली व सर्वांत जाड ती सहावी. ह्या षड्जाने मोजल्यास मोकळ्या तारा पहिलीपासून अनुक्रमे ग, नि, प, रे, ध, ग अशा बोलतात. अनामिका सहाव्या तारेवर तिसऱ्या पडद्यात ठेवावी, हा पंचम. तिचाच पेर पाचव्या तारेस हलकेच टेकू द्यावा, म्हणजे ती तार मुकी राहील. मध्यमा तिसऱ्या तारेवर दुसऱ्या पडद्यात, हा धैवत. तर्जनी पहिल्या तारेवर पहिल्या पडद्यात, हा मध्यम. चौथी तार रिषभ व दुसरी निषाद मोकळ्याच वाजतात. पाचही स्वर आले. नवशिक्यांचा पेर बहुधा पाचव्या तारेवरून निसटतो व तीतून नको तेथे खर्जातला धैवत घुमतो. म्हणून प्रथम एकेक तार सुटी छेडून पाहावी.

मेळ वाजवून तेथेच थांबा. कानास काही अपुरे वाटेल. निषाद व मध्यम ह्यांत बरोबर सहा अर्धस्वरांचे, म्हणजे अर्ध्या सप्तकाचे अंतर आहे, आणि हे दोघे एकमेकांजवळ स्वस्थ बसत नाहीत. आता षड्जाचा मेळ लावा: अनामिका पाचव्या तारेवर तिसऱ्यात, मध्यमा चौथीवर दुसऱ्यात, तर्जनी दुसरीवर पहिल्यात, आणि सहावी तार छेडू नये. मग एकेका तारेकडे लक्ष द्या. पहिल्या तारेवर मध्यम उतरून गांधार झाला. दुसरीवर निषाद चढून षड्ज झाला. तिसरीवर धैवत पंचमावर आला व चौथीवर रिषभ गांधारावर गेला. प्रत्येक स्वर आपल्याच तारेवर, शेजारच्याच घरी गेला. आमच्या मते हा मेळ समजण्यास ह्याहून चांगला धडा नाही. चारही चाली आधी तोंडाने गाव्या, मगच हात चालवावा.

सर्वत्र हा मेळ असा घरी परततोच असे नाही. अमेरिकेतील ब्लूज गायक व गिटारवादक टी-बोन वॉकर ह्याच्या १९४७ सालच्या ‘स्टॉर्मी मंडे’ ह्या गीतात नवम मेळ ठिकठिकाणी ऐकू येतात. तेथे तो प्रवासातील मुक्काम नसून राहते घरच आहे. ती रीत निराळी, व त्या संगीतास शोभणारी.

आपल्याकडे मात्र प्रश्न रागाचा येतो. भूपात सा, रे, ग, प, ध हे पाचच स्वर. मध्यम व निषाद वर्ज्य. आणि नवम मेळास जी ओढ आहे ती नेमकी ह्याच दोघांमुळे! गाणाऱ्या मुलीच्या कानात आम्ही तिच्या रागातून हद्दपार केलेले दोन्ही स्वर ओतीत होतो. यमनातही अडचण आहे, कारण तेथे मध्यम तीव्र आणि ह्या मेळातला शुद्ध. बिलावलात हे पाचही स्वर शुद्धच असल्याने तंटा होत नाही. आमच्या नारायणगावच्या तमाशाच्या फडांत तुणतुण्याची एकच तार गायकास सूर पुरविते. ती गरीब खरी, परंतु कोणास वाट चुकवीत नाही.

मुंबईच्या चित्रपटसृष्टीत हा प्रश्न गोमंतकीय वादकांपुढे रोजच असे. गोव्याच्या चर्चशाळांत स्वरलिपी शिकून आलेल्या ह्या मंडळींत शंकर-जयकिशन ह्यांचे संयोजक सेबॅस्टियन डिसूझा होते. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस ह्यांनी तर रागसंगीत व पाश्चात्य वाद्यवृंद एकत्र आणण्यासाठी १९५८ साली इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा उभारला. चालीखाली कोणते स्वर भरावे ह्याइतकेच कोणते भरू नयेत हेही अशा कामात ठरवावे लागते.

आमच्यापुरता उपाय त्या कागदावरच सापडला. पाचांतून निषाद व मध्यम वजा केल्यास प, रे, ध उरतात, आणि हे तिन्ही भूपातले आहेत. हाताची ठेवण बदलावयास नको. केवळ पहिल्या दोन तारा छेडू नयेत. सोमवारी त्या मुलास हे सांगताच त्याने विचारले, “मग सर, तर्जनी कशाला ठेवायची?” ती उचलण्यास हरकत नाही, हे आम्हांस सुचलेच नव्हते. दुपारच्या सुटीत दोघांना बसवून ते पद पुन्हा म्हणवून घेतले. मुलगी तिसऱ्या कडव्यापाशी क्षणभर थांबली, मुलाकडे पाहिले, आणि धैवतावरून सरळ षड्जावर गेली.