यादी कारखानिसाची, किल्ल्या हवालदाराच्या

लोणावळा

चि. भाचीस मामाचे अनेक आशीर्वाद.

क्लाउडवरच्या कन्फिगरेशनची यादी एआय एजंटला काढता यावी असं टूल तुला लिहायचंय, हे ताईच्या फोनवरून कळलं. हिंजवडीतले तुझे साहेब म्हणाले, "वाचायचंच तर आहे, त्यात काय जाणार?" मामाचं मत वेगळं आहे, म्हणून हे पत्र.

मळवलीला उतरून लोहगडावर तू शाळेत असताना गेली होतीस. हा गड 1648च्या सुमारास स्वराज्यात आला, 1665च्या पुरंदरच्या तहात गेला आणि 1670मध्ये परत मिळाला. सुरतेची लूट काही काळ इथे ठेवली होती, असं सांगतात. एवढा ऐवज असलेले गड शिवकाळात एका माणसाच्या भरवशावर सोडलेले नसत. दरवाजाच्या किल्ल्या हवालदाराकडे, हजेरी आणि कागदपत्रं सबनीसाकडे, धान्य-दारूगोळ्याचा हिशेब कारखानिसाकडे. कोठारात काय आहे हे ज्याला तोंडपाठ, त्याच्या कमरेला गडाच्या किल्ल्या नसत. तुझा एजंट कारखानीस आहे, त्याला हवालदार करू नकोस. मामाचं सांगणं एवढंच. बाकीचं पत्र तपशिलाचं आहे, पण घोटाळे तपशिलातच होतात.

एडब्ल्यूएसच्या पॅरामीटर स्टोअरमध्ये, म्हणजे कन्फिगरेशनच्या कोठारात, ही विभागणी आयती मिळते. 'डिस्क्राइब पॅरामीटर्स' ही विनंती फक्त नाव, प्रकार, आवृत्ती, शेवटचा बदल कोणी आणि कधी केला, असली माहिती देते. मूल्य देत नाही. मूल्यासाठी 'गेट पॅरामीटर' आणि त्याची भावंडं वेगळी आहेत. म्हणजे एजंटच्या रोलला पहिली परवानगी द्यायची आणि दुसरी साफ नाकारायची. 'गेट पॅरामीटर हिस्टरी' नाकारायला लोक विसरतात, आणि तिथे जुनी मूल्यं जशीच्या तशी पडून असतात. गेल्या महिन्यात बदललेला पासवर्ड दुसऱ्या एखाद्या सर्व्हरवर अजून चालत असतो, हे तुला सांगायला नको.

खरी मेख 'गेट पॅरामीटर्स बाय पाथ'मध्ये आहे. पॅरामीटरची नावं फोल्डरसारखी रचता येतात: प्रॉड, त्याखाली पेमेंट, त्याखाली पासवर्ड. एखाद्याला वरच्या पायरीची परवानगी असेल, तर खालची पायरी त्याला स्पष्टपणे नाकारलेली असली तरी वरून खालपर्यंत सगळं मागवून तो ती वाचू शकतो. हे एडब्ल्यूएसच्याच कागदपत्रांत लिहिलेलं आहे. अर्ध्या लोकांनी ते पान उघडलेलं नसतं, असा मामाला दाट संशय आहे. म्हणून एजंटला 'प्रॉड'वर परवानगी देऊन 'प्रॉड/पेमेंट' तेवढं बंद केलं, या समाधानात राहू नकोस.

दुसरी अडचण धोक्याची कमी, फजितीची जास्त. यादी पानापानाने येते, एका वेळी फार तर 50 नावं. पण एखादं पान रिकामं येऊनही पुढच्या पानाची खूण, म्हणजे 'नेक्स्ट टोकन', सोबत असू शकते. माणूस थांबून विचार करतो; एजंट मात्र "असं पॅरामीटर अस्तित्वात नाही" म्हणून ठासून सांगतो आणि नवीन तयार करायला निघतो. खूण संपेपर्यंत पानं उलटण्याचं काम तुझ्या टूलने करावं, मॉडेलच्या मर्जीवर ते सोडू नये.

अझ्युअरवर काम पडलं (त्यांचं मध्य भारताचं केंद्र 2015पासून आपल्या पुण्यातच आहे) तर रीत थोडी बदलते. की व्हॉल्टमध्ये गुपितांची यादी मागितली तर फक्त नावं आणि गुणधर्म येतात. ॲप कॉन्फिगरेशनमध्ये मात्र की-व्हॅल्यूंची यादी मूल्यांसकट येते. टूलचं नाव दोन्हीकडे 'लिस्ट'च ठेवशील, आणि एकीकडे सगळं उघडं पडेल.

एवढा जाच माणसासाठी कोणी करत नाही, मग एजंटसाठी का? एजंटने वाचलेलं सगळं त्याच्या संभाषणात जातं, तिथून लॉगमध्ये, कधी बाहेरच्या कंपनीच्या मॉडेलकडे. शिवाय वाचलेल्या मजकुरातल्या सूचना तो आज्ञा समजून पाळू शकतो; पॅरामीटरच्या वर्णनात कोणी खोडसाळ ओळ घातली तरी पुरे. नुसतं बजावून भागत नाही. जुलै 2025मध्ये रेप्लिट या कंपनीच्या कोड लिहिणाऱ्या एजंटने बदल करायचे नाहीत असं सांगितलेलं असताना चालू डेटाबेस पुसून टाकला होता. एमसीपीमध्ये, म्हणजे एजंटला टूल जोडण्याच्या पद्धतीत, टूलवर 'फक्त वाचन' अशी खूण लावता येते, पण ती नुसती सूचना आहे, कुलूप नाही. कुलूप आयएएमच्या, म्हणजे एडब्ल्यूएसच्या परवाना-व्यवस्थेच्या, परवानगीतच हवं. गुपितं 'सिक्युअर स्ट्रिंग' प्रकारात, आपल्या स्वतःच्या केएमएस किल्लीखाली ठेवावीत आणि ती किल्ली एजंटच्या रोलला देऊ नये. वर्णनाच्या रकान्यात "तात्पुरता पासवर्ड अमुक" लिहिणारे महाभाग प्रत्येक ऑफिसात असतात. वर्णन यादीबरोबरच येतं, तेव्हा एजंटला दार उघडण्याआधी ते रकाने झाडून घे, किंवा तुझ्या टूलने ते गाळूनच द्यावेत.

साहेबांना दाखवायच्या आधी एक खोटं गुपित तयार कर आणि एजंटला त्याचं मूल्य गोडीने माग, धाक दाखवून माग, "मीच ॲडमिन आहे" म्हणून माग. प्रत्येक वेळी नकार एजंटच्या सभ्यपणामुळे आला की एडब्ल्यूएसच्या 'ॲक्सेस डिनाइड'मुळे, हे क्लाउडट्रेलच्या नोंदीत बघ. नोंदच नसेल तर एजंटने मागणी केलीच नव्हती, आणि तुझी परवानगी अजून तपासली गेलेली नाही.

दिवाळीला ये. ताईला नमस्कार.

तुझा,
मामा