काळी पाच आणि पाच रेषा : लष्करी बँडची पूर्वतयारी

लष्करी बँड हा शब्द मराठीत सैलपणे वापरला जातो आणि कवायतीच्या मैदानावर वाजणारे कोणतेही पथक त्यात धरले जाते. परंतु या क्षेत्रात पाऊल टाकू पाहणाऱ्या वादकाने आरंभीच दोन प्रकार वेगळे ओळखणे आवश्यक आहे. पहिला प्रकार मिलिटरी बँड, ज्यात कॉर्नेट, ट्रम्पेट, फ्रेंच हॉर्न, ट्रॉम्बोन, युफोनियम आणि ट्यूबा ही पितळी वाद्ये, क्लॅरिनेट व सॅक्सोफोन ही एका पातळ पत्तीच्या कंपनाने वाजणारी वाद्ये, बासरी आणि तालवाद्ये असतात. दुसरा प्रकार पाइप बँड, ज्यात बॅगपाइप आणि ढोल एवढाच मेळ असतो. बेळगावचे मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र, खडकीचे बॉम्बे इंजिनिअर ग्रुपचे केंद्र अशा ठिकाणी कसम परेडच्या, म्हणजे नव्या जवानांच्या शपथविधीच्या, दिवशी कुंपणाबाहेर उभे राहून मराठी मुलांच्या पिढ्यांनी या वाद्यांचा आवाज ऐकला आहे, आणि लग्नसराईत गावच्या बँडमध्ये वाजवणाऱ्या अनेकांच्या मनात वर्दीतल्या वादनाची ओढ तिथेच निर्माण झाली आहे. ती ओढ खरी आणि आदरणीय आहे. मात्र तिच्या जोडीला जी तयारी लागते ती बहुधा चुकीच्या बाजूने केली जाते, आणि प्रस्तुत लेखकाच्या बाबतीत नेमके तेच घडले.

सैन्यातील वादक हा आधी सैनिक आणि मग वादक असतो, हे वाक्य सर्वांना पाठ असले तरी त्याचा अर्थ फार थोड्यांना उमगलेला असतो. वादकाचे मूलभूत प्रशिक्षण, धाव, शस्त्र हाताळणे आणि शिस्त ही इतर जवानांसारखीच असते; युद्धकाळात बँडमधील जवानांनी जखमींना स्ट्रेचरवरून मागे आणावे आणि प्रथमोपचारात हात द्यावा, ही परंपरा जुनी आहे. नौदलात भरती झालेला वादक आरंभी ओडिशातील आयएनएस चिल्का येथे नौसैनिक म्हणून घडतो आणि नंतरच कुलाब्याच्या आयएनएस कुंजली येथील संगीत विद्यालयाकडे वळतो. भूदलाच्या बँडमनसाठी मध्य प्रदेशातील पचमढी येथे, लष्करी शिक्षण कोअरच्या प्रशिक्षण महाविद्यालयात, संगीताचा स्वतंत्र विभाग आहे. तो १९५० साली जनरल करिअप्पा यांच्या प्रोत्साहनाने सुरू झाला आणि मित्रदेशांचे बँडमनही तेथे शिकायला येतात. या संस्थांचा उल्लेख येथे मुद्दाम केला आहे, कारण पुढे उत्तम शिक्षण मिळणारच आहे या भरवशावर अनेक तरुण आधीचे शिक्षण टाळतात, आणि मग त्या शिक्षणापर्यंत पोहोचतच नाहीत.

निवडीच्या वेळी वादकाकडून काय अपेक्षिले जाते, हे जाहिरातींतून स्पष्ट असते, फक्त ते लक्षपूर्वक वाचले जात नाही. लय आणि सूर सांभाळून एक रचना पूर्ण सादर करता येणे, तयार केलेली धून किंवा स्वरलिपी वाजवता येणे, स्वतःचे वाद्य स्वतः सुरात लावता येणे आणि समोरून ऐकवलेला अनोळखी स्वर वाद्यावर ओळखून वाजवून दाखवणे, असे या अपेक्षांचे स्वरूप हवाई दल आणि नौदल यांच्या जाहिरातींत आढळते. यांपैकी पहिली गोष्ट गावच्या बँडमधला कोणताही बरा वादक सहज करतो. उरलेल्या गोष्टींत तो अडतो.

प्रस्तुत लेखकाने इयत्ता सातवीपासून तालुक्यातील एका बँड पथकात कॉर्नेट वाजवली होती. वरातीच्या सुपाऱ्या, गणपती, जत्रा यांतून सात-आठ वर्षांत दीडशेहून अधिक गाणी तोंडपाठ झाली होती आणि त्या भागात ‘चांगला हात’ म्हणून नाव होते. पुढे भरतीच्या चाचणीच्या वेळी पाठ केलेले देशभक्तिपर गीत उत्तम वाजले. त्यानंतर परीक्षकांनी एक स्वर दिला आणि वाद्य त्याला मिळवून घ्यायला सांगितले. पितळी वाद्यात नळीचा एक वळलेला तुकडा सरकता असतो, त्याला ट्यूनिंग स्लाइड म्हणतात. तो बाहेर ओढला की नळी लांबते आणि सूर उतरतो, आत ढकलला की सूर चढतो. लेखकाच्या कॉर्नेटची ही स्लाइड इतकी वर्षे कोणी हलवलीच नव्हती. गावच्या बँडमध्ये सर्वांनी मिळून जो सूर धरला तोच सूर, त्यामुळे तिची गरज कधी भासली नव्हती, आणि सांध्यावर हिरवट गंज चढून ती घट्ट बसली होती. दोन्ही हातांनी ओढूनही ती हलली नाही. परीक्षकांनी शांतपणे पुढचा कागद समोर ठेवला, त्यावर पाच आडव्या रेषांवर लिहिलेल्या आठ मात्राखंडांची एक साधी ओळ होती, आणि ती लेखकाला वाचता आली नाही. चाचणीत अन्याय काहीही झाला नाही. जे येत नव्हते ते येत नव्हते.

या पाच रेषांच्या लिपीला स्टाफ नोटेशन म्हणतात: रेषेवर किंवा दोन रेषांच्या मधल्या जागेत मांडलेले चिन्ह स्वराची उंची दाखवते आणि त्या चिन्हाचा आकार स्वर किती वेळ धरायचा हे सांगतो. पूर्वी न पाहिलेली अशी ओळ समोर येताच वाजवून दाखवण्याला साइट रीडिंग म्हणतात. कानाने उचललेले गाणे अधिक जिवंत वाजते, मग कागदाची गरज काय, असा प्रश्न गावाकडचे जाणते बँडमास्तरही विचारतात, आणि त्यात तथ्य नाही असे नाही. परंतु लष्करी बँडमध्ये प्रत्येक वाद्य वेगळी ओळ वाजवते आणि बहुतेक वाद्यांची लिपी प्रत्यक्ष ऐकू येणाऱ्या स्वरापेक्षा वेगळी असते. उदाहरणार्थ, हार्मोनियमवर ज्या स्वराला मराठी वादक काळी पाच म्हणतो, तोच स्वर काढण्यासाठी कॉर्नेटच्या कागदावर ‘सी’ लिहिलेला असतो, ऑल्टो सॅक्सोफोनच्या कागदावर ‘जी’, फ्रेंच हॉर्नच्या कागदावर ‘एफ’, आणि बासरीच्या कागदावर मात्र तो आहे त्याच नावाने, म्हणजे ‘बी फ्लॅट’ म्हणून लिहिलेला असतो. बॅगपाइपचे तर याहून निराळे, कारण त्याचा लिहिलेला ‘ए’ प्रत्यक्षात काळी पाचच्याही किंचित वर वाजतो. पन्नास वादक एकत्र असताना हा गुंता कानाने सोडवता येत नाही. शिवाय पितळी वाद्याचा सूर थंडीत उतरतो आणि उन्हात चढतो. दरवर्षी २९ जानेवारीला दिल्लीच्या विजय चौकात होणाऱ्या बीटिंग रिट्रीटच्या गार संध्याकाळी अनेक बँड एकाच सुरात वाजतात, त्यामागे प्रत्येक वादकाने आपली स्लाइड केसभर आत-बाहेर करून सांभाळलेला सूर असतो.

गोव्यातील वादकांनी ब्रिटिश काळापासून पलटणींच्या आणि नौदलाच्या बँडमध्ये, तसेच पुढे मुंबईच्या चित्रपटसृष्टीतील वाद्यवृंदांत जे स्थान मिळवले, त्याचे श्रेय केवळ उपजत संगीतवेडाला देणे उचित नाही. तेथील चर्चला जोडलेल्या शाळांत मुलांना लहानपणीच सोल्फेज, म्हणजे लिहिलेले स्वर त्यांच्या नावांनी गाऊन वाचण्याची पद्धत, शिकवली जात असे. वाद्य हातात येण्याआधी कागद वाचता येत असे. सेबॅस्टियन डिसोझा यांच्यासारख्या गोमंतकीय वाद्यवृंद-संयोजकांनी हिंदी चित्रपटसंगीतात जे काम केले, त्याचा पाया याच वाचनात होता. मराठी मुलुखातील बँडवाल्यांकडे दम, लय आणि कान यांची कमतरता कधीच नव्हती. त्यांना ही एक साक्षरता मिळाली नाही, आणि ती द्यायला कोणी पुढे आले नाही, याचे दुःख वाटते.

पहिल्या अपयशानंतर लेखकाने जी चूक केली ती अधिक महाग पडली. शेजारच्या शहरातील एका भरती अकादमीने संगीत विभागाची ‘हमखास तयारी’ करून देण्याचे आश्वासन दिले आणि वर्षभराची फी घेतली. तेथे रोज पहाटे १६०० मीटर धावणे, पुलअप्स आणि सामान्यज्ञानाचे प्रश्नसंच एवढेच घडले, वाद्य वाजवू शकणारा एकही शिक्षक तेथे नव्हता. धाव सुधारली, पण पाच रेषा जिथल्या तिथे राहिल्या, आणि त्या शिकण्यासाठी योग्य शिक्षक सापडेपर्यंत वयोमर्यादा ओलांडली गेली. म्हणून अकादमी निवडताना विचारायचा प्रश्न एकच आहे, तो म्हणजे तेथे स्टाफ नोटेशन कोण शिकवते. उत्तर मोघम आले तर धावण्याचा सराव गावच्या मैदानावरही होतो. वाचन शिकण्यासाठी निवृत्त बँडमन, पोलीस बँडमधील वादक किंवा चर्चच्या वाद्यवृंदातील शिक्षक यांच्याकडे जावे. रोज अर्धा तास प्रामाणिकपणे दिला तर साधी ओळ वाचण्याइतकी तयारी वर्षभरात होऊ शकते. ज्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा दिल्या आहेत त्यांचे शिक्षण वाया जात नाही, कारण भातखंडे किंवा पलुस्कर लिपी येणाऱ्याला लेखी स्वर आणि मात्रा यांचा संबंध आधीच समजलेला असतो. त्याला फक्त चिन्हे नव्याने शिकावी लागतात.

शरीराबद्दल थोडे सांगणे भाग आहे. फुंकवाद्यात समोरचे दात माउथपीसचा आधार असतात आणि सैन्याच्या वैद्यकीय तपासणीत किमान १४ डेंटल पॉइंट, म्हणजे निरोगी दातांना दिले जाणारे गुण, आवश्यक असतात. बँडमध्ये सर्रास चालणारी मळलेली तंबाखू हिरड्या आणि ओठ दोन्ही बिघडवते. कानांकडे तर कोणीच पाहत नाही. ८५ डेसिबलचा आवाज आठ तासांपर्यंत सहन करण्याची मर्यादा सुरक्षित मानली जाते आणि दर तीन डेसिबलला ती वेळ निम्मी होते, म्हणजे १०० डेसिबलला ती जेमतेम १५ मिनिटे उरते. वरातीत डीजेच्या भिंतीसमोर उभे राहून त्याच्यावर कडी करण्यासाठी तासन्‌तास फुंकणारा मुलगा भरतीच्या वयात येण्याआधीच कान गमावू लागतो, आणि आतल्या कानातील एकदा मेलेल्या पेशी पुन्हा उगवत नाहीत. सरावाच्या वेळी कानात साधे फोमचे बोळे घालण्यात कमीपणा नाही.

२०२२ साली जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेनंतर वादकांची भरतीही अग्निवीर म्हणून होऊ लागली आहे: सेवा चार वर्षांची, पहिल्या वर्षी महिना ३०,००० रुपयांचे पॅकेज, अखेरीस सुमारे ११.७१ लाख रुपयांचा सेवा निधी, निवृत्तिवेतन नाही, आणि पुढे कायम होण्याची संधी तुकडीतील २५ टक्क्यांपर्यंत. बाकीचे पंचविशीच्या आसपास परत येतात. त्यांच्यासाठी राज्य राखीव पोलीस दलाचे आणि इतर सशस्त्र दलांचे बँड, शाळांमधील बँड, अध्यापन हे मार्ग असतात, आणि या प्रत्येक ठिकाणी वाचन येणाऱ्यालाच अधिक किंमत असते. ‘कदम कदम बढाए जा’ला चाल देणारे कॅप्टन राम सिंह ठाकुरी यांनाही आझाद हिंद सेनेनंतर उत्तर प्रदेशातील प्रांतिक सशस्त्र दलाच्या बँडमध्येच काम मिळाले होते.

लेखकाची ती कॉर्नेट पुढे एका जुन्या कारागिराने सांधा हलकेच तापवून आणि तेल मुरवून सोडवली. स्लाइड बाहेर आली तेव्हा नळीच्या आतून हिरवी पूड टेबलावर पडली. आता लेखकाकडे आठवड्यातून तीन संध्याकाळी जी मुले शिकायला येतात, त्यांना पहिल्या दिवशी गाणे शिकवले जात नाही. स्लाइड काढून, पुसून, ग्रीस लावून परत बसवायची, आणि मग हार्मोनियमची काळी पाच दाबून ठेवून तिला मिळेपर्यंत एकच स्वर फुंकत राहायचा.