नवं फ्रंट लोड वॉशिंग मशीन: मोजपट्टीपासून पहिल्या धुण्यापर्यंत

फ्रंट लोड घ्यायचं ठरलं ना? छान! पण दुकानात नंतर जाऊ. आधी मोजपट्टी घ्या आणि ड्राय बाल्कनीच्या दाराशी या.

घेण्याआधी

१. दार मोजा. मशीन साधारण ६० सेंमी रुंद आणि ८५ सेंमी उंच असतं. खोली मात्र मॉडेलप्रमाणे बदलते. माप चौकटीच्या आतून घ्या. कडी-बिजागऱ्याही जागा खातात.

२. जिथे मशीन ठेवायचंय तिथे खडूने चौकोन आखा. मागे पाइपांसाठी चार बोटं सोडा. पुढे झाकण पूर्ण उघडून उकिडवं बसता आलं पाहिजे, नाहीतर रोज कंबर धरून कपडे काढाल.

३. प्लग बघा. पाणी तापवताना बरीचशी मशीन २००० वॅटच्या आसपास वीज घेतात, म्हणजे जवळजवळ ९ अँपिअर. ६ अँपिअरच्या साध्या प्लगला हे झेपत नाही. अर्थिंग असलेला १६ अँपिअरचा पॉइंटच हवा. एक्स्टेंशन बोर्ड अजिबात नको.

४. नळ पूर्ण सोडून पाण्याचा जोर बघा. टाकी नळापेक्षा १० मीटर उंच असेल तर साधारण १ बार दाब मिळतो, ३ मीटर उंच असेल तर जेमतेम ०.३. टाकी अगदी डोक्यावर असलेल्या वरच्या मजल्यावरच्यांनी इथे जास्त लक्ष द्यायचं. दाब कमी पडला की मशीन पाण्याची वाट बघत अडून बसतं.

५. आता दुकानात जा आणि मॉडेलला लागणारा किमान दाब विचारा. तो तुमच्या नळाला नसेल तर प्रेशर पंपाचा खर्च आताच हिशेबात धरा.

६. बिल करण्याआधी जोडणीचे पैसे वेगळे आहेत का, ते विचारून घ्या. चाकांचं स्टँड गळ्यात मारू लागले तर हसून नको म्हणा. पिळताना मशीन त्यावर नाचतं.

घरी आल्यावर

७. खोक्याचे चारी बाजूंनी फोटो काढा. पोचा दिसला तर सही करण्याआधी पावतीवर लिहून घ्या.

८. कंपनीचा माणूस येईपर्यंत प्लग लावू नका. कपडे साठले असतील, साठू द्या!

९. तो आला की मागचे ट्रान्झिट बोल्ट त्याच्याकडून तुमच्यासमोर काढून घ्या. बहुधा चार असतात. प्रवासात ड्रम हलू नये म्हणून ते आवळलेले असतात. ते तसेच ठेवून मशीन सुरू केलं तर पिळताना ते घरभर धडधडत फिरेल आणि आतून मोडेल. एक-दोन-तीन-चार, मोठ्याने मोजा. लाजू नका.

१०. भोकांवर सोबत आलेल्या टोप्या बसवा.

११. बोल्ट पिशवीत घालून वॉरंटी कार्डाजवळ ठेवा. घर बदलताना तेच परत लावायचे आहेत. हे काम ‘नंतर बघू’वर टाकलंत की बोल्ट रद्दीत गेलेच म्हणून समजा.

१२. मशीन खडूच्या चौकोनात सरकवा. आत काँक्रीटचं वजन असतं, तेव्हा दोघांनी धरा. झाकणाला धरून ओढायचं नाही.

१३. पाय फिरवून मशीन समतल करा. वर स्पिरिट लेव्हल ठेवा, आधी आडवी, मग उभी. ड्राय बाल्कनीच्या फरशीला मोरीकडे उतार असतोच, त्यामुळे चारही पाय सारखे राहणार नाहीत.

१४. समोरासमोरचे कोपरे आलटून पालटून दाबा. डुगडुगतंय? मग पुन्हा तेराव्या पायरीवर. कंटाळू नका, आवाजाच्या निम्म्या तक्रारी इथेच मिटतात.

१५. पायांचे लॉकनट आवळा, नाहीतर आठवड्याभरात पाय पुन्हा फिरतील.

१६. पाण्याचा पाइप नळाला जोडा. आत रबरी वॉशर आहे ना, ते आधी बघा.

१७. सांडपाण्याचा पाइप माहितीपुस्तकात दिलेल्या उंचीवर अडकवा. जमिनीवर सोडलात तर भरलेलं पाणी तसंच वाहून जाईल.

१८. नळ सोडा आणि सांध्याखाली वर्तमानपत्र धरा. ओलं झालं तर अजून थोडं आवळा.

पहिलं धुणं

१९. ६० अंशांवर एक रिकामी फेरी चालवा. चमचाभर फ्रंट लोडची पावडर पुरे. साधी पावडर नको, फेसच फेस होतो.

२०. आता कपडे भरा. वर हाताचा पंजा आडवा सहज जाईल एवढी जागा ठेवा. कोंबलेले कपडे स्वच्छ निघत नाहीत.

२१. धुणं झालं की झाकणाभोवतीचं रबर पुसा. खालच्या घडीत पाणी आणि केस साचतात, बोट घालून बघा.

२२. झाकण थोडं उघडं ठेवा, नाहीतर कुबट वास येईल. घरात लहान मूल असेल तर मात्र ड्राय बाल्कनीचं दार लावून घ्या.

२३. नळ बंद करा. रात्री पाइप सुटला तर सकाळी खालच्या मजल्यावरचे बेल वाजवतील.

झालं! आता ऊन आहे तोवर कपडे वाळत घाला.